कपात झालेला पैसा नगरपंचायतीचा नसतो

सिंधुदुर्गातल्या एका नगरपंचायतीत लिपिक असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, त्यांचं समावेशन झालं आणि तेव्हापासून पगारातून निवृत्तिवेतनासाठी दरमहा 10 टक्के कपात होते. पगारपत्रकावर ती दिसते, पण प्रान खात्यावर, म्हणजे त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यावर, गेल्या 18 महिन्यांत एक रुपयाही जमा नाही. त्याच नगरपंचायतीच्या बँक खात्यांत तीन कोटींच्या वर शिल्लक असल्याचं मात्र सभेत वाचून दाखवलं गेलं. नगरसेवकांना विचारलं तर म्हणाले, 'पैसे आहेत, पण हात लावायची परवानगी नाही.' ताई विचारतात, आमचा पैसा सरकार वापरतं का? आणि तीन कोटी शिल्लक असताना आमचे भरायला पैसे नाहीत, हे खरं कसं मानायचं?

कोकणातल्या चार नगरपरिषदांत मिळून मी 31 वर्षं लेखा शाखेत काढली, त्यातली शेवटची 12 लेखापाल म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो, तीन कोटी शिल्लक असणं आणि त्यातून तुमच्या पेन्शनमधला नगरपंचायतीचा हिस्सा भरता न येणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरीही तुमचे 10 टक्के न भरण्याचं ते कारण होऊ शकत नाही. त्या तीन कोटींचा आणि तुमच्या कपातीचा संबंधच नाही. कपात ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून तो पैसा तुमचा आहे. नगरपंचायत फक्त हमाल आहे, इथून उचलून तिथे पोचवणारी.

आधी तो पैसा कसा जातो ते बघू, कारण नेमका कुठे अडकलाय हे कळल्याशिवाय भांडता येत नाही.

राज्यात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना सहसा 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांची जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी आधी अंशदायी योजना आली, जिला आपण सगळे डीसीपीएस म्हणायचो, आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यावर कर्मचाऱ्याचे 10 टक्के, आणि मालकाचे, म्हणजे इथे नगरपंचायतीचे, आधी 10 व 1 एप्रिल 2019 पासून 14 टक्के. लेखा शाखेने दरमहा प्रत्येकाच्या बारा आकडी प्रान क्रमांकासमोर रक्कम लिहून एक फाइल ऑनलाइन चढवायची आणि तेवढीच रक्कम विश्वस्त बँकेकडे पाठवायची. फाइल आणि रक्कम पैशापर्यंत जुळली की तुमच्या नावावर पेन्शन निधीचे युनिट पडतात. फाइल चढली आणि पैसे गेले नाहीत तर काहीच होत नाही. पैसे गेले आणि फाइलमध्ये एका माणसाचा आकडा चुकला तरी जुळणी अडते, आणि ती सगळ्यांचीच अडते. मी स्वतः एका कर्मचाऱ्याच्या महागाई फरकाच्या 212 रुपयांपायी 43 जणांचा महिना लटकलेला पाहिलाय.

छोट्या नगरपंचायतीत हे काम करणारा माणूस बहुधा एकच असतो. जन्म-मृत्यू नोंदणी, घरपट्टीची मागणी बिलं, निवडणुकीचं काम आणि एनपीएस हे सगळं त्याच्याच टेबलावर. त्याची बदली झाली की लॉगिन बंद, आणि नव्या माणसाचं लॉगिन तयार व्हायला तीन-चार महिने. 18 महिन्यांच्या थकबाकीत असे पाच-सहा महिने तरी निव्वळ दिरंगाईचे असतात, हा माझा अनुभव. उरलेल्यांत मात्र बहुतेक वेळा पैसा दुसरीकडे गेलेला असतो.

आता या दिरंगाईची किंमत मोजून बघा. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 40,000 आहेत. तुमचे 4,000 आणि मालकाचे 5,600, म्हणजे महिन्याला 9,600. अठरा महिन्यांचे 1,72,800 एकदम, बिनव्याजी भरले तर कागदावर सगळं नील झालं असं वाटतं. पण वर्षाला 9 टक्के वाढ धरली तर त्या उशिरात साधारण 11,000 रुपये बुडालेले असतात, आणि तेच 11,000 पुढची 20 वर्षं वाढले असते तर निवृत्तीला 61-62 हजार झाले असते. दीड वर्षाच्या एका थकबाकीचं हे नुकसान कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 2021 मध्ये जे एनपीएस नियम आले, त्यांत प्रशासकीय उशीर झाला तर व्याजासह भरपाईची तरतूद आहे. आपल्या संघटनांनी जुन्या पेन्शनच्या मागणीइतक्याच जोराने ही तरतूद नगरपरिषद कर्मचाऱ्यांसाठी मागायला हवी होती. राज्य कर्मचाऱ्यांच्या मार्च 2023 च्या संपात सगळा जोर 'जुनी की नवी' यावर राहिला. कपात वेळेवर भरा, ही मागणी कोणत्याच फलकावर मला दिसली नाही.

पैसा दुसरीकडे जातो म्हणजे काय, याचा एक प्रसंग सांगतो. नगरपरिषदेचं नाव सांगत नाही. खाडीकाठची आहे एवढं पुरे.

तेव्हा मी तिथे कनिष्ठ लिपिक होतो. एनपीएस यायच्या आधीचा काळ, कर्मचाऱ्यांची कपात भविष्य निर्वाह निधीत (भनि) जायची आणि त्याचं बँकेत वेगळं खातं होतं. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली, शासनाच्या सहायक अनुदानाचा हप्ता आला नाही आणि पगाराला पैसे कमी पडले. सणाचा पगार थांबवणं कोणालाच नको होतं. भनि खात्यातून सामान्य निधीत रक्कम घेतली गेली आणि व्हाउचरवर शेरा मारला, 'तात्पुरते वळते'. तो शेरा माझ्या अक्षरातला आहे. पुढच्या महिन्यात अनुदान आलं ते त्याच महिन्याच्या पगारात संपलं. 'तात्पुरते' तसंच राहिलं, आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्षी आणखी एक 'तात्पुरते' आलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्याच ठिकाणी लेखापाल होऊन परत गेलो. त्या पावसाळ्यात पुराचं पाणी कचेरीत कंबरभर चढलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सभागृहात दोऱ्या बांधून सेवापुस्तकं वाळत घातली. पानं एकमेकांना चिकटलेली, निळ्या शाईचे नुसते ढग झालेले. भनिची वर्गणी नोंदवही तर लगदाच झाली. त्याच वर्षी आमची एक सफाई कामगार निवृत्त होणार होती. 33 वर्षं पहाटे पाचला मासळी बाजार झाडणारी बाई. तिचा अंतिम हिशोब काढायला बसलो तर सहा वर्षांची वर्गणी कुठेच सापडेना. ती टेबलासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, 'साहेबानूं, माजे पैशे खंय गेले ता सांगा.'

दुसऱ्या दिवशी ती घरून दुधाच्या प्लॅस्टिक पिशव्यांचं एक बोचकं घेऊन आली. तांदळाच्या डब्यात तळाला ठेवलेलं. त्यात तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षावर्षाच्या, सुतळीने बांधलेल्या. तिला वाचता येत नव्हतं. सासऱ्याने सांगितलं होतं, सरकारचा कागद टाकायचा नाही. त्या चिठ्ठ्यांवरून आम्ही सहा वर्षांची वर्गणी महिन्यागणिक पुन्हा मांडली, लेखापरीक्षकांकडून मान्य करून घेतली आणि ठराव केला. पैसे हातात पडायला तरी 14 महिने लागले, कारण खात्यात तेवढी रक्कमच नव्हती. तिने ते 14 महिने कसे काढले ते मला ठाऊक आहे, आणि ते 'तात्पुरते वळते' माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून पेन्शनच्या पैशावर सरकारचं नियंत्रण हवं की नको, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कशावरचं नियंत्रण? पैसा कुणाच्या ताब्यात आहे, तो कुणाचा आहे आणि हिशोब कुणाला द्यायचा, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर गोंधळ होत नाही. आमच्याकडे त्या तिन्ही एकाच मुख्याधिकाऱ्याच्या सहीखाली येत होत्या.

आता 'सरकार आमचा पैसा वापरतं का' याचं उत्तर. जुन्या पेन्शनमध्ये वापरायला पैसाच नसतो. तिथे निधीच नाही. आजच्या निवृत्तांची पेन्शन आजच्या महसुलातून जाते. ती सरकारची नुसती हमी आहे, आणि हमी तेवढीच पक्की जेवढा देणारा पक्का. राज्य शासन देणारं असेल तर प्रश्न नाही. पण ज्या नगरपरिषदेची वर्षाची घरपट्टी तिच्या पेन्शनच्या बिलाला पुरत नाही, तिची हमी म्हणजे काय, हे आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना विचारा. तीन-तीन महिने थकलेल्या पेन्शनसाठी ते कचेरीच्या पायरीवर बसलेले मी पाहिलेत, आणि ते सगळे जुन्या पेन्शनवालेच होते.

भविष्य निर्वाह निधीत राज्य कर्मचाऱ्यांची वर्गणी शासनाच्या लोकलेख्यात जमा होते. तो पैसा शासन वापरतं, त्यावर व्याज देतं आणि नियमाप्रमाणे परत करतं. एनपीएसमध्ये पैसा शासनाच्या तिजोरीत राहतच नाही. तो एनपीएस ट्रस्टच्या ताब्यात जातो, नियमन 2013 च्या कायद्याने पेन्शन निधी नियामक प्राधिकरण करतं, आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा पैसा मुख्यतः स्टेट बँक, एलआयसी आणि यूटीआय यांच्या पेन्शन निधी कंपन्या गुंतवतात. त्याचा मोठा हिस्सा सरकारी कर्जरोख्यांतच जातो. म्हणजे फिरून सरकारच तो पैसा उसना घेतं, पण रोख्यावर परतफेडीची तारीख आणि व्याजाचा दर छापून. सरकारने पैसा वापरण्यात मला गैर वाटत नाही. वापरताना तारीख लिहून दिली की नाही, एवढंच मी बघतो. आमच्या व्हाउचरवर तारीख नव्हती.

सरकार आणि हा पैसा यांच्यातली ही भिंत किती पक्की आहे, ते काही राज्यांनी 2022 नंतर जुनी पेन्शन परत आणली तेव्हा कळलं. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल यांनी कर्मचाऱ्यांचा एनपीएसमधला जमा पैसा राज्याला परत मागितला आणि प्राधिकरणाने कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून नकार दिला. राज्यकर्त्यांना राग आला. मला मात्र बरं वाटलं. जो पैसा मुख्यमंत्र्यांनाही काढता येत नाही, तो दिवाळीच्या पगारासाठी कोणी 'तात्पुरता' वळवू शकणार नाही.

भिंत नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण उत्तर प्रदेशात आहे. तिथल्या वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे 4,100 कोटींच्या वर रुपये दिवाण हाउसिंग फायनान्स या एकाच कंपनीत ठेवले गेले, आणि 2019 मध्ये ती कोसळली तेव्हा 2,200 कोटींहून अधिक अडकले. पैसा कर्मचाऱ्यांचा आणि कुठे ठेवायचा ते ठरवणारे मूठभर अधिकारी. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा आपल्या राज्यातल्या मोठ्या महापालिकांच्या ठेवीही अडकल्या होत्या. त्यानंतर शासनाने शासकीय खाती राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवायला सांगितलं. त्या आदेशावर आमच्याकडे बरीच कुरकुर झाली, कारण गावातल्या सहकारी बँकेचा संचालक बहुधा नगरपरिषदेच्या सभागृहातही बसलेला असतो. पण तो आदेश बरोबर होता. अशा ठिकाणी नियंत्रण हवंच.

आता तुमच्या तीन कोटींकडे येतो. इथे मात्र माझं मत बरोबर उलटं आहे.

1999 साली नगरपरिषदांची जकात गेली. जकात त्रासदायक होती, नाक्यावर भ्रष्टाचार होता, हे सगळं खरं. पण तो नगरपरिषदेचा स्वतःचा, रोज संध्याकाळी मोजून बँकेत जाणारा पैसा होता. त्याच्या बदल्यात सहायक अनुदान आलं आणि त्या दिवसापासून पगार मंत्रालयाच्या हप्त्यावर अवलंबून राहिला. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, बाराव्या परिशिष्टात 18 विषय शहरांकडे दिले गेले, आणि सहाच वर्षांत त्या विषयांसाठी लागणारा सगळ्यात मोठा स्वतःचा पैसा गेला. माझ्या पिढीने हे दोन्ही एकाच टेबलावर बसून पाहिलं.

त्यानंतर येणारा जवळजवळ प्रत्येक रुपया पाटी लावून येतो. 15 व्या वित्त आयोगाच्या अनुदानाचं उदाहरण घ्या. 2021 ते 2026 या काळात आपल्यासारख्या लहान शहरांना मिळालेल्या रकमेतले 60 टक्के बंधित होते, निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती, जिल्हा नियोजनचा निधी, प्रत्येकाचं खातं वेगळं. केंद्राच्या योजनांचं तर 2021 पासून राज्यस्तरावर एकच खातं असतं आणि आपल्याकडे फक्त खर्चाची मर्यादा येते, पैसा येतच नाही. स्वतःच्या उत्पन्नातूनही 5 टक्के दिव्यांगांसाठी, 5 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दुर्बल घटकांसाठी बाजूला ठेवावे लागतात. हे तीन खर्च योग्यच आहेत, त्यांना माझा कधी विरोध नव्हता. पण एवढं सगळं वजा केल्यावर सभागृहाने स्वतः ठरवायचं म्हणून जे उरतं, ते छोट्या नगरपंचायतीत दोन-चार गटारांच्या दुरुस्तीचं बिल असतं.

म्हणून तुमचे तीन कोटी खरे, आणि नगरसेवकांचं म्हणणंही खरं. ते पैसे जलवाहिनीचे, घनकचऱ्याचे, एखाद्या उद्यानाचे असतील. त्यातून मालकाचे 14 टक्के भरता येत नाहीत. भरले तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, खोटं होईल आणि लेखापरीक्षणात वसुली लागेल. पण हे सगळं फक्त मालकाच्या हिश्शाला लागू होतं, आणि ते 14 टक्के अनुदानातून की स्वतःच्या उत्पन्नातून हा वाद पत्रव्यवहारात अडकलेला असतो. तुमच्या 10 टक्क्यांना त्यातलं काहीच लागू नाही, कारण ते पगाराच्या रकमेतच आलेले होते आणि तिथूनच कापले गेले. आपल्या कार्यालयात दोन्ही हिस्से एकत्र धरून 'तरतूद नाही' असं उत्तर देतात. तो युक्तिवाद ऐकून गप्प बसू नका.

कोकणात ही अडचण जास्त बोचते, त्याला कारण आहे. अनुदानाचं वाटप मुख्यतः लोकसंख्येवर ठरत आलं आणि ती 2011 च्या जनगणनेची. त्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली होती. रत्नागिरीची 16,96,777 वरून 16,15,069, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651. माणसं मुंबईला गेली, म्हणून अनुदान कमी. पण 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि मे महिन्यात मालवणच्या बंदरावर उभं राहून बघा किती माणूस उतरतो. त्या माणसाचं पाणी, त्याचा कचरा, त्याचं सांडपाणी गावाला पेलावं लागतं, आणि जनगणनेत तो पुण्या-मुंबईत मोजलेला असतो. वेंगुर्ल्याने कचऱ्याचं वर्गीकरण करून कचराडेपोची जागा लोकांनी बघायला यावी अशी केली, ते तिथल्या माणसांच्या चिकाटीने झालं. वाटपाच्या सूत्राने त्यांना काही मदत केली नाही.

आणि घरपट्टी? चाकरमान्याचं घर 11 महिने बंद. नोटीस दाराला चिकटवायची आणि गणपतीची वाट बघायची. आम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून वसुलीचं टेबल बाजारात मांडायचो. मुंबईहून आलेला माणूस पिशवीत फुलं-फळं घेऊन उभ्या-उभ्या तीन वर्षांची बाकी भरायचा, आणि विचारायचा, 'आमच्या वाडीतला दिवा का बंद?' त्याचं विचारणं रास्त होतं. त्याने आत्ता भरलेला पैसा हा आमचा खरा मोकळा पैसा, आणि त्या दिव्याचं सामान त्यातूनच यायचं. जो भरतो तो विचारतो आणि ज्याला विचारलं जातं तो काम करतो, हे मी त्या टेबलावर जितकं स्पष्ट पाहिलं तितकं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. बंधित अनुदानाबद्दल कोणी विचारायला येत नाही, कारण ते कोणाच्या खिशातून गेल्यासारखं वाटतच नाही.

1965 च्या नगरपरिषद कायद्यात कलम 308 आहे. त्याखाली जिल्हाधिकारी सभागृहाचा ठराव तहकूब करू शकतात. हे कलम असावं, असं मी म्हणेन. मनमानी ठराव मी पाहिलेत. पण ठराव रोखण्याचा अधिकार आणि काय ठरवावं हे आधीच ठरवून देणं, यात फरक आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले, सगळीकडे निवडणुका रखडल्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिले तेव्हा कुठे डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. ठराव करणारा आणि अमलात आणणारा एकच माणूस. राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरतं तेव्हा नागरिकाने कोणाची कॉलर धरायची, याचं उत्तर त्या चार वर्षांत नव्हतं. ज्या सभागृहाला तुम्ही काहीच ठरवू देत नाही ते सभागृह जबाबदारीही घेत नाही, आणि तुमचे नगरसेवक 'परवानगी नाही' म्हणून मोकळे झाले त्याचं मूळ इथे आहे.

मला वाटतं की आपल्याकडे लगाम चुकीच्या घोड्याला आहे. गटार आधी की रस्ता आधी, हे गावाने ठरवायचं, तिथे मंत्रालयातून पाटी लागून पैसा येतो. आणि कर्मचाऱ्याची कपात कोणत्या तारखेपर्यंत भरायची, न भरल्यास व्याज कोणाच्या पगारातून, इथे जे कडक नियंत्रण हवं ते कागदावरच आहे. सहायक अनुदानाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी मागच्या महिन्याची कपात भरल्याची नोंद बघितली, तर एका वर्षात ही थकबाकी संपेल. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. लेखा अधिकाऱ्यांच्या बैठकांत मी हे दोनदा मांडलं होतं. अजूनही मांडत राहीन.

न्यायालयं या बाबतीत कर्मचाऱ्याच्या बाजूने स्वच्छ उभी आहेत. नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 ला सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही. निवृत्त मंडळी तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. 2013 मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात पेन्शन ही घटनेच्या 300-अ कलमाखालची मालमत्ता ठरली. आणि रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब उघड्या गटारांच्या बाबतीत मानली नव्हती. तो खटला पेन्शनचा नव्हता, पण 'निधी उपलब्ध नाही' असं उत्तर आलं की मी लोकांना तो वाचायला सांगतो.

आता तुम्ही काय करायचं. नगराध्यक्षांकडे जाऊन तोंडी सांगण्यात अर्थ नाही, ते 'बघतो' म्हणतील. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, एकटीने नको, ज्यांची-ज्यांची थकबाकी आहे त्या सगळ्यांच्या सह्यांनिशी. अर्जात महिन्यागणिक कपातीची रक्कम लिहा आणि प्रत्येक महिन्याचा भरणा व्यवहार क्रमांक मागा. व्याजाची मागणी त्याच अर्जात हवी. नंतर केली तर मिळवणं अवघड जातं. आवक शिक्का मारून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा : कपातीचं मासिक पत्रक, ती रक्कम ज्या खात्यात राहिली त्याचा बँक उतारा, आणि त्या काळातल्या रोकडवहीची प्रत. रोकडवही मागितली की कार्यालय जागं होतं. स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक आलं असेल तर अर्जाची प्रत त्यांनाही द्या, त्यांच्या अहवालात एक परिच्छेद पडला की ते प्रकरण दाबता येत नाही. एनपीएसच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे, ती जरूर वापरा, पण पैसा मुळात पाठवलाच नसेल तर ते लोक फक्त तुमच्या कार्यालयाकडेच बोट दाखवतील.

पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि कागदही ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरात पाणी शिरलं तरी भिजणार नाही इतक्या उंचीवर.

आणि अर्जाआधी एक काम आज रात्रीच करता येईल. प्रान खात्याचा व्यवहार उतारा काढा आणि त्या 18 महिन्यांत काही नोंद दिसते का ते बघा. एकही नोंद नसेल तर पैसा कार्यालयातूनच निघालेला नाही किंवा जुळणी अडली आहे, मग लेखा शाखेला रोकडवहीपासून विचारायचं. पैसे पाठवले असं कार्यालयाने सांगितलं तर त्या महिन्याचा बँकेचा यूटीआर क्रमांक, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, शोधायचा. जुन्या डीसीपीएस काळातली शिल्लक खात्यावर वळती झाली असेल तर तिचा आकडाही उताऱ्यांत शोधा. तो आणि तुमच्या वार्षिक चिठ्ठीतला आकडा ताडून बघा, तिथेही फरक सापडायची शक्यता बरीच आहे.